रक्त चालू, रक्त बंद

परवा रविवारी रात्री चिरंजीव लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे उभे. नववीत आहे. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळाची सेटिंग्ज उघडलेली. त्यात रक्त दाखवायचं की नाही याचं एक बटण असतं. नवऱ्याने फर्मान काढलं होतं, खेळायचं तर ते बंद करून खेळ. पोराची तक्रार भलतीच होती. "आई, रक्त बंद केलं तर गोळी लागली हे कळणार कसं?"

मला हसूच आलं. बापाला वाटतं पोराला रक्त बघायला आवडतं. पोराला ते हवंय पावती म्हणून. बटण बंद केलं की रक्ताऐवजी ठिणग्या उडतात, गोळी लागल्याचं तेवढंच कळतं. दाखवलं, गप्प बसला.

पण मी मात्र त्या बटणावरून थेट साताऱ्याला पोचले. २००४, बीएस्सीचं पहिलं वर्ष, पोवई नाक्याजवळचा एक नेट कॅफे. आठ मशीन, तासाला वीस रुपये, मशीन एकमेकांना जोडून (लॅनवर) काउंटर-स्ट्राइक १.६ हा बंदुकांचा खेळ. दादा खेळायचा, मी मागे बसून बघायचे. एकदा तो चहा प्यायला गेला आणि मी माउस धरला, तो आजतागायत पूर्ण सुटलेला नाही. तिथे एक मुलगा होता, सगळे त्याला मास्तर म्हणत. खेळ सुरू झाला की तो आधी कन्सोल, म्हणजे खेळाला हुकूम टाइप करून द्यायची खिडकी उघडायचा, एक कमांड टाकायचा आणि भिंतीवर रक्ताचे, गोळ्यांचे डाग उमटणंच बंद करून टाकायचा. मी विचारलं, कशाला रे? म्हणाला, "भिंत घाण होते. कोपऱ्यात माणूस उभाय का डाग आहे, कळत नाही."

पुढे २०१२ मध्ये काउंटर-स्ट्राइकचीच नवी आवृत्ती, सीएस-गो आलं, तेव्हा तर लोकांनी डाग पुसायची कमांड शिफ्टच्या बटणावर बसवून टाकली. शिफ्ट म्हणजे पावलांचा आवाज न करता चालायचं बटण, ते सारखंच दाबलं जातं. म्हणजे दबकत चालायचं आणि चालता चालता भिंती पुसत जायच्या. बाहेरचे लोक म्हणतात हे रक्तासाठी वेडे झालेत, आणि खेळात मुरलेले लोक रक्त पुसत बसलेले.

मग मजा कशात होती? डस्ट टू या काउंटर-स्ट्राइकमधल्या मैदानाच्या लांब गल्लीत थांबण्यात होती. पळता पळता मारलेली गोळी कुठेही जाते. म्हणून डावीकडे पळत असाल तर उजवीकडे जायचं बटण निमिषभर दाबायचं, पाय रोवायचे, तेवढ्यात एकच गोळी, डोक्यात. एके-४७ बंदूक हाताळायची तर नळी वर उसळते, मग बाजूला ओढ घेते, म्हणून माउस उलट्या दिशेने खाली ओढत राहायचं. मला हे जमायला महिने लागले. मग एक दिवस हात आपोआप थांबला. पुढे लॅबमध्ये लागल्यावर पहिल्यांदा बोटाला शीर नुसत्या स्पर्शाने लागली, तेव्हा अगदी तसंच वाटलं होतं.

हो, मी सांगलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सात ते अकरा रक्तच काढते. शिरेतलं रक्त खेळातल्यासारखं लालभडक नसतं, कोकमाच्या आगळासारखं काळपट असतं. जांभळ्या टोपणाच्या नळीत गेलं की आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करायचं, नाहीतर गुठळी होते आणि पेशंटला परत टोचावं लागतं. फरशीवर सांडलं तर हायपोक्लोराइट ओतून थांबायचं, मग पुसायचं. शिफ्ट दाबून जात नाही ते. म्हणून असेल, खेळातलं रक्त मला कधी रक्त वाटलंच नाही.

त्याच कॅफेत एका मशीनवर सोल्जर ऑफ फॉर्च्यून होता. २००० सालचा खेळ. त्याची ख्याती एकच: शत्रूचं अंग २६ भागांत वाटलेलं आणि गोळी जिथे लागेल तशी जखम. पहिल्या दिवशी त्या खुर्चीमागे सहाजण उभे, "पायावर मार, पायावर मार" असा गलका. आठवड्याभरात त्याच मशीनवर कोणीतरी कॉलेजचा प्रोजेक्ट टाइप करत बसलेलं आणि बाकीचे सगळे परत डस्ट टूवर, नंबर लावून.

या प्रकारावर संशोधनही झालंय. अँड्रयू प्रिझिबिल्स्की हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ते छापलं. त्यातल्या एका प्रयोगात हाफ-लाइफ २ हा नेमबाजीचा खेळ बदलून घेतला होता. काहींना नेहमीची रक्तरंजित मारामारी, काहींना असा की नेम लागला की समोरचा अलगद वर तरंगतो आणि नाहीसा होतो. मजेत म्हणावा असा फरक पडला नाही. मजा ठरत होती ती आपल्याला जमतंय का आणि आपल्या मनाने करता येतंय का, यावर. मास्तरला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

इथवर लिहून लेख संपवला असता तर नवऱ्याशी वाद जिंकले असते. पण मध्ये डूम येतो. २०१६ चा.

एरवीच्या खेळात जीव कमी झाला की आडोशाला पळायचं. डूममध्ये उलटं. राक्षस अर्धमेला झाला की चमकायला लागतो. आपण जवळ जायचं, बटण दाबायचं, हाताने त्याचे तुकडे करायचे, आणि त्यातून आपल्यासाठी औषध सांडतं. गोळ्या संपल्या तर चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, त्यातून गोळ्या सांडतात. म्हणजे मरायला टेकलात की अंगावर धावून जायचं. इतकी हुशार रचना मी दुसऱ्या नेमबाजीच्या खेळात बघितलेली नाही. इथे रक्त पुसून टाकायचं म्हटलं तर नेमकं काय पुसणार? राक्षसाला गुदगुल्या केल्या आणि औषध सांडलं, तरी हिशेब तोच राहील. पण खरं सांगते, गुदगुल्यांचा डूम मी विकत घेतला नसता. पहिल्या रात्री ते तुकडे बघून मी खिदळले होते. तिसऱ्या रात्री तेच तुकडे चालू असताना मी पुढचा राक्षस कुठाय ते शोधत होते, कारण तेवढ्या वेळात आपल्याला कोणी मारू शकत नाही. दोन सेकंदांची विश्रांती! दोन्ही रात्री मीच होते, आणि पहिल्या रात्रीचं खिदळणं मला पूर्ण समजावून सांगता येत नाही.

एकदाच मात्र हात थांबला. २००९ चा मॉडर्न वॉरफेअर २, त्यातला विमानतळ. तो भाग गाळायचा का, असं खेळ आधीच विचारतो. रक्ताच्या बाबतीत डूमच्या पासंगालाही पुरणार नाही. पण समोर सामान घेऊन रांगेत उभी असलेली माणसं, आपल्या हातात मशीनगन, आणि सुरुवातीला उलटून गोळी मारणारं जवळपास कोणी नाही. पळताही येत नाही, सावकाश चालायचं. नेम नको, चपळाई नको. मी एकही गोळी न मारता नुसती चालत राहिले, खेळ तेही चालवून घेतो. संपल्यावर मशीन बंद केलं आणि उगाचच भांडी घासायला घेतली.

नवऱ्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे रक्त चालू ठेवू?" म्हटलं, ठेव नाहीतर नको ठेवूस, पण तो काय खेळतोय ते शेजारी बसून एकदा बघ. तो क्रिकेट बघायला गेला.

बसले मीच. व्हँडल नावाची बंदूक खेळातल्या पैशांत २९०० ला. आमच्या वेळी एके अडीच हजारात यायची, असं म्हटल्यावर पोराने सोन्याचे जुने भाव सांगणाऱ्या आजोबांकडे बघावं तसं बघितलं. सरावाच्या मैदानात तीस पुतळे येतात, क्षणभर दिसतात आणि जातात. मी माउस धरला. तेवढ्यात सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "अगं, रात्री दहाला काय ही मारामारी! पोराला अभ्यासाला बसवायचं सोडून तूच?"

"झालंच आई, एक मिनिट."

उभ्या राहिल्या. पुतळे संपले. पडद्यावर आकडा आला.

"तीसपैकी अकराच?" सासूबाई म्हणाल्या.