टेलिमेट्रीवर कोण आणि कशाला

वॉर्डातलं नर्सिंग सोडून मॉनिटरिंगकडे, म्हणजे टेलिमेट्रीकडे (पेशंटचे ठोके दुरून स्क्रीनवर बघणं) आले तेव्हापासून घरचे विचारतात, पेशंटला हातसुद्धा लावत नाहीस तर तिथे करतेस काय. तर सांगते. इथे अमेरिकेत बऱ्याच मोठ्या हॉस्पिटलांनी वॉर्डावॉर्डातले मॉनिटर बघणारे काढून सगळ्या मजल्यांचे ईसीजी एकाच खोलीत आणलेत, तिथे मॉनिटर टेक, म्हणजे स्क्रीन बघणारे टेक्निशियन, शिफ्ट लावून चोवीस तास बसतात. क्लीव्हलँड क्लिनिकची अशी खोली तर हॉस्पिटलपासून लांब आहे आणि एकेका टेककडे ४८ पर्यंत पेशंट असतात. आमचा पसारा एवढा नाही पण पद्धत तीच, आणि ते सगळं चालवणं, म्हणजे ड्यूट्या लावणं, नवीन पोरांना शिकवणं आणि वॉर्डाशी भांडणं, हे माझ्याकडे.

पेशंटच्या छातीवर पाच इलेक्ट्रोड, म्हणजे जेल लावलेले स्टिकर, आणि गाऊनच्या खिशात एक छोटा डबा, तो रेडिओवरून सिग्नल पाठवतो. हा रेडिओ किती नाजूक आहे ते १९९८ मध्ये डॅलसला कळलं. डब्ल्यूएफएए या टीव्ही स्टेशनने डिजिटल प्रसारणाची चाचणी सुरू केली आणि बेलर हॉस्पिटलची टेलिमेट्रीच बसली, कारण तोवर टेलिमेट्री टीव्हीच्या मोकळ्या चॅनलवरच भागवून घेत होती. मग २००० साली एफसीसीने, म्हणजे रेडिओलहरी वाटून देणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला स्वतःची जागा दिली.

आता आमची सकाळ बघा. लाल अलार्म, स्क्रीनवर व्हीटॅक (हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून सुटलेले धोकादायक वेगवान ठोके), नवीन टेक खुर्चीतून अर्धा उठलेला. जुनी टेक आधी दुसरी लीड, म्हणजे तेच हृदय दुसऱ्या कोनातून दाखवणारी रेघ, बघते, मग त्या खडबडीत रेघेतून नेहमीचे क्यूआरएस, म्हणजे प्रत्येक ठोक्याची उंच टोकं, ठराविक अंतराने डोकं वर काढतायत का ते बघते, बोटाला प्रोब असेल तर त्याची पल्सची लाट बघते, आणि हे सगळं काही सेकंदांत. लाट व्यवस्थित चालली असेल तर व्हीटॅक वगैरे काही नाही, आजोबा दात घासतायत आणि हात हलल्याने रेघ हलतेय. तरी वॉर्डातल्या नर्सला फोन करायचाच हा माझा नियम आहे, आणि त्यावरून नर्स माझ्यावर वैतागतात तेही मला माहितीये, तिचा एक हात पेशंटखाली असतो आणि खिशात आमचा फोन वाजतो. तिने नाही उचलला तर चार्ज नर्स, म्हणजे त्या शिफ्टची प्रमुख नर्स, आणि व्हीफिब (हृदय नुसतं थरथरतंय) किंवा सरळ रेघ असेल तर कोणाचीच वाट बघायची नाही, थेट कोड टीम, म्हणजे हृदय बंद पडलं की धावणारी टीम.

पण खरा त्रास व्हीटॅकचा नाहीच, तो वाळलेल्या जेलचा आहे. घाम, छातीवरचे केस, तीन दिवस तोच इलेक्ट्रोड, की संपर्क तुटल्याचा अलार्म, लीड ऑफ, लीड ऑफ, लीड ऑफ. जॉन्स हॉपकिन्सला दोन वॉर्डांत रोज इलेक्ट्रोड बदलून बघितले तर अलार्म ४६ टक्क्यांनी उतरले, म्हणजे कुठलं नवं सॉफ्टवेअर नाही की काही नाही, नुसते ताजे स्टिकर! सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफमध्ये आयसीयूच्या ७७ बेडवर ३१ दिवसांत २५ लाखांच्या वर अलार्म मोजले गेले, आणि त्यातले ठोक्यांचे १२ हजारांवर अलार्म माणसांनी बसून तपासले तर जवळजवळ ८९ टक्के खोटे. हे २०१४ साली छापून आलं. इतक्या खोट्या अलार्मनंतर माणसाचा कान बधिर होणारच, त्याला टेकची चूक म्हणून कसं चालेल.

म्हणूनच माझं म्हणणं एकच आहे, टेलिमेट्रीवरचे पेशंट कमी करा. डॉक्टरांना वाटतं टेलिमेट्री लावली की काळजी मिटली, असू दे ना, काय बिघडतं. बिघडतं! चेस्ट पेन पण रिस्क कमी, ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का सांगणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह, तरी तीन दिवस डबा खिशात. तो माझ्या टेकच्या स्क्रीनवर एक जागा अडवून बसतो, आणि शेजारच्या चौकटीत खरोखर पॉज येणारी, म्हणजे ठोके मध्येच थांबणारी, बाई असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने कोणाला लावायची कोणाला नाही हे २००४ मध्ये लिहून दिलं, २०१७ मध्ये परत सुधारून दिलं, वाचतो कोण. डेलावेअरच्या क्रिस्टियाना केअरने मात्र ते नियम थेट कॉम्प्युटरच्या ऑर्डरमध्येच घातले, तर टेलिमेट्रीवरचे रोजचे पेशंट सरासरी ३५७ वरून १०९ वर आले आणि मृत्यू काही वाढले नाहीत. मी हे आकडे आमच्या मीटिंगमध्ये इतक्या वेळा सांगितलेत की एक सीनियर कार्डिओलॉजिस्ट आता माझ्या आधी म्हणून दाखवतात.

तर शेवटी आमच्याकडेही ठरलं, येत्या महिन्यापासून ठरवलेल्या कारणांच्या यादीतलं एक कारण निवडल्याशिवाय टेलिमेट्रीची ऑर्डर पुढे जाणार नाही आणि ठरलेल्या वेळाने ती आपोआप संपेल, हवी असेल तर परत टाका. आता यादीच्या तळाला 'इतर' हा पर्याय ठेवायचा का यावर कमिटी अडलीये. मी नको म्हणतेय, कारण ठेवला की सगळे तोच निवडणार. पुढची मीटिंग गुरुवारी आहे.