तुम्ही विचारलंत म्हणून : माझं मराठी आणि आमची अत्तम्मा

"आडनाव तेलुगू, घरात तेलुगू बोलता, मग तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" पुण्यात विचारतात, मुंबईत विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावर बसलेले विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, म्हणून मीही "सोलापूरचे ना आम्ही" एवढं बोलून विषय संपवते. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. खरं उत्तर म्हणजे आमची अत्तम्मा, माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं. मला मराठी आलं ते तिच्यामुळे, आणि आमच्या वाड्यातल्या बायकांचे पैसे बुडाले तेही तिच्यामुळेच. आमच्या घरात काहीजण पहिली गोष्ट सांगतात आणि काहीजण दुसरी. मला दोन्ही सांगायच्या आहेत.

आम्ही मूळचे करीमनगरकडचे पद्मशाली, म्हणजे विणकर. निजामाच्या राज्यात गावी माग होता, पण सूत सावकाराचं, कापडही सावकाराचं, आणि वर देशमुखाच्या गढीवरची वेठ. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, मागोमाग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून माणसं येतच राहिली. आधी आलेला मागच्याला बोलावून घ्यायचा. माझे आजोबा, आम्ही त्यांना तात म्हणायचो, असेच कुणाच्या तरी बोलावण्यावरून वाडी जंक्शनला गाडी बदलून आले. निजामाचं राज्य संपवणारी १९४८ ची पोलीस ॲक्शन अजून व्हायची होती. अत्तम्मा तेव्हा कडेवर होती.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूवर अख्खा जन्म काढता येतो. साखर पेठेत, दाजी पेठेत, कन्ना चौकात वाणी तेलुगू, न्हावी तेलुगू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, नवरात्रात बतुकम्मा हा फुलांचा सण, संक्रांतीला तांदळाच्या पिठाची तळलेली सकिनालु. तातांनी गिरणीतली सगळी नोकरी "हो" आणि "साहेब" या दोन मराठी शब्दांवर काढली. त्याची किंमतही मोजली. एकदा त्यांच्यापुढे एक कागद आला. रजेचा अर्ज समजून त्यांनी अंगठा दिला, आणि महिनाभराने कळलं की आपण कायमचे राहिलो नाही, बदली झालो. बदली कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं; कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. तात यावर कधी बोलले नाहीत. अत्तम्माने मात्र तो कागद शेवटपर्यंत मनात जपला.

माझं शाळेचं वय झालं तेव्हा वडिलांनी तेलुगू माध्यमाच्या शाळेत नाव घालायचं ठरवलं होतं. आमच्या गल्लीतल्या बहुतेकांची मुलं तिथेच जायची. अत्तम्मा आईला म्हणाली, "तेलुगू घरात फुकट मिळते. कागद कुठल्या भाषेत येतात ते बघ." बरोबरच होतं तिचं. राजभाषेचा कायदा १९६४ चा. रेशनकार्डापासून तलाठ्याच्या दाखल्यापर्यंत सगळं मराठीत. वडील कामावर गेलेले बघून तिने मला नवा फ्रॉक घातला, मराठी शाळेत नेलं आणि हेडमास्तरांना सांगितलं, "हिचे वडील परगावी गेलेत, माझ्यावर सोपवून गेलेत." वडील तेव्हा तिथून हाकेच्या अंतरावर मागावर उभे होते. संध्याकाळी घरात मोठं भांडण झालं, पण नाव दाखल झालं ते झालंच. तिच्या हातून झालेली कितीतरी चांगली कामं अशी खोटं बोलून झालेली आहेत, आणि त्यांतलं खोटं कुठे संपतं आणि चांगलं कुठे सुरू होतं हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

शाळेने मला अक्षरं दिली. मराठी आलं ते ओट्यावर.

पूर्व भागातल्या घराघरात बायका विड्या वळायच्या, अजूनही वळतात. तेंदूची पानं आदल्या रात्री भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची, म्हणजे सकाळी ती मऊ होतात. मग पत्र्याचा छोटा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायचं, मांडीवरच्या सुपातला जर्दा चिमटीने भरायचा, वळायचं, दोऱ्याने बांधायचं, तोंड दुमडायचं. अत्तम्मा हे सगळं बोटांकडे न बघता करायची. डोळे माझ्यावर असायचे, कारण शाळेतून आले की मला ओट्यावर बसवून पेपर वाचायला लावायची. चहाच्या टपरीवरून आदल्या दिवशीचा 'संचार' मागून आणलेला असायचा. आजूबाजूच्या बायका आपापली सुपं घेऊन यायच्या. मी वाचायची, त्या वळायच्या.

तिला सगळं लागायचं. कोर्टाचे खटले सगळ्यात आधी, मग नगरपालिकेची महापालिका झाली त्याचे जुने वाद, पाण्याची पाळी, उजनी धरणाचं काय झालं, मग जाहीर नोटिसा. नोटिसा तर दोनदा. "उपरोक्त", "सबब", "तजवीज", "बिनतक्रार", असे शब्द मी अर्थ कळायच्या आधी वाचले. एखादी ओळ मी कंटाळून गाळली तर ती कात्री खाली ठेवायची. "मधे काय होतं बे? सरळ वाच." तिला अक्षर येत नव्हतं, पण वाक्य कुठे मोडलं ते ऐकून कळायचं. माझ्या पुढच्या सगळ्या शिक्षकांत एवढा तीक्ष्ण कान कुणाचा नव्हता.

आणि ऐकलेलं ती वापरायची. विड्या कारखान्यावर द्यायला जाताना मी बरोबर असायची. पंचवीस विड्यांचा कट्टा, असे चाळीस कट्टे म्हणजे हजार. तपासणारा माणूस कट्टा हातात घेऊन दाबून बघायचा आणि सैल वाटतील त्या बाजूला टाकायचा. ती छाट. छाटीचे पैसे मिळत नाहीत, आणि आमच्या वेळी छाट परतही मिळत नसे. बाकीच्या बायका तेलुगूत पुटपुटायच्या आणि निघून जायच्या. अत्तम्मा पदर खोचून उभी राहायची आणि स्वच्छ मराठीत म्हणायची, "सदरची छाट मला मान्य नाही. सबब माझा माल मला परत करावा." माणूस दचकायचा. मग ती पुढे १९६६ च्या विडी कामगार कायद्याचं नाव घ्यायची. त्यातलं कलम कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं, पण साल बिनचूक सांगायची, कारण मी ते कधीतरी एका मोर्चाच्या बातमीत वाचलं होतं. पुष्कळदा छाट परत मिळायची. भाजीवालीशी कानडी, बागवानाशी दखनी हिंदी, घरात तेलुगू, आणि जिथे टेबल आहे तिथे मराठी, असा तिचा हिशेब होता. टेबलापलीकडच्या माणसाला आपण त्याच्या भाषेत बोलताना पाहून जो क्षणभर अवघडलेपणा येतो, तो तिला फार आवडायचा.

पण विड्या द्यायच्या त्याच खिडकीवर मी दुसरंही पाहिलं. परत मिळालेल्या छाटीतल्या विड्या ती शेजारणीच्या कट्ट्यात सरकवायची. शेजारच्या खोलीतली ती बाई अबोल, मराठी जवळजवळ शून्य. तिची छाट वाढायची, ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. अत्तम्मा तिच्या शेजारी उभी असायची.

या शेजारणीची आठवण ठेवा.

अत्तम्माचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत भिवंडीला गेला. सोलापूरचे बरेच तेलुगू विणकर यंत्रमागासाठी तिकडे जात. तो परत आला नाही. मूलबाळ नव्हतं. माहेरी राहणारी टाकलेली बाई म्हणून जगणं तिला मान्य नव्हतं, आणि तसं ती जगलीही नाही, कारण दर दोन-तीन महिन्यांनी भिवंडीहून मनीऑर्डर यायची. पोस्टमनने वाड्याच्या तोंडाशी नाव पुकारलं की ती लगेच बाहेर यायची नाही. दोनदा पुकारू द्यायची. मग केस नीट करून यायची, अंगठा द्यायची आणि फॉर्मखालचं संदेशाचं चिटोरं माझ्या हातात ठेवायची. "मोठ्यानं वाच." मी चौकात उभी राहून वाचायची: "सर्व क्षेमकुशल. उपरोक्त रक्कम मिळताच कळवावे. दिवाळीस येण्याची तजवीज करीत आहे." सगळा वाडा ऐकायचा. दिवाळी यायची आणि जायची.

त्या मनीऑर्डरी तीच पाठवत होती. भिवंडीला जाणाऱ्या आमच्या एका नातेवाइकाच्या हाती पैसे द्यायची, मजकूर सांगायची, तो तिथल्या पोस्टातून तिला पाठवायचा. ती गेल्यावर, बाराव्या दिवसाच्या जेवणानंतर, त्याने हे आम्हाला सांगितलं. माझ्या आईला रडू फुटलं. मला आधी आठवले ते शब्द. भिवंडीच्या मागावरचा माणूस बायकोला "उपरोक्त रक्कम" आणि "तजवीज" असं कशाला लिहील? ते मी ओट्यावर वाचलेले शब्द होते. तेच भिवंडीला जाऊन माझ्याकडे वाचायला परत येत होते.

आता त्या बुडालेल्या पैशांचं, म्हणजे भिशीचं. मनीऑर्डरीचे पैसे फिरून तिच्याच हातात यायचे, त्यात कमिशनपलीकडे काही जायचं नाही. पण नवऱ्याने पैसे पाठवले म्हटल्यावर ते खर्च होताना दिसायला हवेत. मग वाड्यातल्या पोरांना भागवत टॉकीजचा सिनेमा, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर पाळणा आणि भजी, भावाला जॅकार्डची नवी चादर, दसऱ्याला नवी साडी. आमचं सगळं बालपण त्या खर्चाने उजळलेलं आहे. विडीच्या मजुरीत हे बसत नव्हतं. ती वाड्यातल्या बायकांची भिशी चालवायची. प्रत्येकीने महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे, चिठ्ठी निघेल तिने सगळी रक्कम उचलायची. आधी तिने एक हप्ता वापरला आणि दुसऱ्या भिशीतून भरला. मग दुसऱ्या भिशीचं भोक तिसरीने बुजवलं. नव्वदच्या दशकात गिरण्या बंद पडत गेल्या, घरोघरचे पैसे आटले, बायकांनी आपली रक्कम मागायला सुरुवात केली आणि तिच्याकडे द्यायला काही नव्हतं.

तिने कबूल केलं नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून म्हणाली, भिवंडीहून मोठी मनीऑर्डर येणार आहे, ती आली की बिनतक्रार सगळ्यांचे फिटतील. लोकांनी तीनेक महिने वाट पाहिली, कारण भिवंडीहून पैसे येताना त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि माझ्या तोंडून कानांनी ऐकले होते. वडिलांनी शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या आणि बहुतेकींचे पैसे दिले. आई त्यानंतर अत्तम्माला जेवायला वाढत राहिली, पण तिच्याशी बोलली नाही. अत्तम्मा ओट्यावर विड्या वळत बसायची. बायका आता त्या ओट्यावर यायच्या नाहीत. मी कॉलेजात होते. घरी आले की पेपर घेऊन तिच्याजवळ बसायची. ती ऐकायची, पण ओळ गाळली तरी आता थांबवायची नाही.

बहुतेकींचे म्हणाले मी, सगळ्यांचे नाही. शेजारच्या त्या अबोल बाईची रक्कम सगळ्यात मोठी होती, मुलीच्या लग्नासाठी साठवलेली. वडिलांकडे तिथवर पोचेपर्यंत काही उरलं नाही. तिने आरडाओरडा केला नाही, पण मुलीचं लग्न मोडलं. ते कुटुंब वाडा सोडून गेलं आणि पुढे कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत घर मिळालं तेव्हा तिथे राहायला गेलं. आमच्याकडे अत्तम्माचे किस्से निघतात, "सबब माझा माल मला परत करावा" यावर सगळे हसतात, तेव्हा या बाईचं नाव कुणी काढत नाही. मला ते खटकतं. अत्तम्मावर माझा फार जीव होता, अजून आहे. तिची भूक खरी होती: मान खाली घालून जगायचं नाही, एवढीच. पण ती भागली ती दुसऱ्या एका बाईच्या मान खाली घालण्यावर, आणि हे बाजूला ठेवून तिचं कौतुक करणं मला जमत नाही.

मध्यंतरी त्या शेजारणीची मुलगी कन्ना चौकात भेटली. लग्न पुढे उशिरा झालं, दोन मुलं आहेत, स्वतः विड्या वळते, आई आता नाही. मी म्हटलं, "अत्तम्माबद्दल लिहायचं मनात आहे." ती म्हणाली, "लिही की. लई भारी बाई होती. तिच्यासारखं बोलणारं आमच्यात कुणी नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "आमचे पैसे राहिलेत, तेवढं पण लिही."