गोव्याच्या वाटेवर मागं पडणारा आपला जिल्हा: निपाणी ते कणकुंबी, तीन दिवस

गोव्याला आम्ही चौघं आजवर सात-आठ वेळा तरी गेलो असू. दर वेळी तेच. पहाटे निपाणी सोडायची, तवंदी घाट चढायचा, बेळगावात एक चहा घ्यायचा आणि चोर्ल्यातून खाली उतरायचं. जन्म याच बेळगाव जिल्ह्यात गेला, पण गोकाकचा धबधबा आम्हा चौघांपैकी फक्त मास्तरांनी पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत. या वर्षी बापूच म्हणाला, "गोवा राहू दे. आपलाच जिल्हा बघूया." आषाढ संपायला आठ दिवस होते. श्रावण लागला की बापूचं आणि माझं मटण बंद, म्हणून लगेचचा शुक्रवार ठरला. गाडी बापूची, चालवायला दाजी. दाजी घेत नाहीत, त्यामुळे तिन्ही रात्री चाकावर कोण हा प्रश्नच नव्हता. तुमच्यात असा एक जण नसेल, तर संध्याकाळनंतर गाडी लॉजवरच ठेवा आणि रिक्षानं फिरा. बेळगावात रात्री पोलीस तोंडाला यंत्र लावून तपासतात.

संकेश्वरला हमरस्ता सोडून हुक्केरीकडं वळलो. हमरस्त्याच्या रुंदीकरणामुळं जागोजागी वळणरस्ते होते, त्यापेक्षा हा आतला रस्ता आम्हाला बरा वाटला. दोन्ही बाजूला ऊस, मध्येच हुक्केरीचे जुने घुमट आणि पुढं घटप्रभा. या पट्ट्यात पाट्या कन्नडमध्ये आणि बोलणंही कन्नड. मास्तरांना कन्नड येतं, बाकी तिघांना कामापुरतं. तेवढं पुरतं. "यष्ट्री?" म्हणजे केवढ्याला आणि "साक्री" म्हणजे पुरे, एवढे दोन शब्द पाठ करून जा. शेवटी 'री' लावायला विसरू नका. त्या 'री'मध्ये आपल्या 'अहो'चा मान आहे. तो दिला की समोरचा माणूस लगेच मोकळा होतो.

गोकाकचा धबधबा गावात नाही, गावाच्या अलीकडं पाच-सहा किलोमीटरवर आहे. आवाज आधी आला. मग गिरणीची जुनी दगडी इमारत दिसली, आणि मग ते पाणी. घटप्रभा नदी इथं जवळपास ५२ मीटर खाली पडते, कडा घोड्याच्या नालासारखा वळलेला. आषाढात पाण्याचा रंग गुळाच्या काकवीसारखा असतो आणि तुषार पार रस्त्यापर्यंत येतात. या पाण्याच्या जोरावरच १८८० च्या दशकात इथं सूतगिरणी उभी राहिली. काठाला चालुक्यांच्या काळातलं महालिंगेश्वराचं देऊळ आहे. धबधब्याच्या वर झुलता पूल आहे, पण आम्ही गेलो त्या दिवशी तो बंद होता. बंद असेल तर पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नका, समोरच्या काठावरून धबधबा जास्त चांगला दिसतो. आम्ही तिथं दीड तास होतो. बापू एरवी एका जागी दहा मिनिटं बसत नाही, पण तोही गप्प बसून होता.

जेवण गोकाक गावातल्या एका लिंगायत खानावळीत झालं. सगळं शाकाहारी. कडक ज्वारीची भाकरी, एण्णगायी म्हणजे भरल्या वांग्याची भाजी, झुणका, मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेंगांची आणि जवसाची चटणी, दह्यात कालवलेला लाल मिरचीचा रंजका. वाढणाऱ्या बाई पानापाशी थांबून विचारत होत्या, "इन्नष्टु हाकलेन्री?" आणखी वाढू का. आमचं 'साक्री' त्यांनी दोनदा मानलंच नाही. आपल्याकडच्या हॉटेलांत थाळी मोजून येते, इथं माणूस बघून येते.

निघताना करदंट घेतला. करिद म्हणजे तळलेला, अंटु म्हणजे डिंक. नावातच कृती आहे: तळलेला डिंक, गूळ, सुकं खोबरं, सुकामेवा. बांधून घेण्याआधी चव द्यायला सांगा. दुकानदार आनंदानं देतात. डिंक दाताखाली कुरकुरला पाहिजे, चिकटला तर तो माल जुना. घरी लहान मुलं असतील तर गोकाकची हलक्या लाकडाची रंगीत फळं आणि खेळणीही बघा.

गोडचिनमलकीला पोहोचेपर्यंत चार वाजले, तिथं आमचं चुकलं. मार्कंडेय नदी इथं दोन टप्प्यांत पडते. जागा गोकाकपेक्षा रानातली, गर्दी कमी, पण खडकावर शेवाळ आहे. मास्तरांचा पाय घसरला आणि मनगट मुरगळलं. एक गुराखी मुलगा धावत आला, त्यानंच त्यांना हात देऊन वर घेतलं. पायात चपला घालून तिथं उतरू नका, आणि शक्यतो सकाळी जा. संध्याकाळी मदतीला हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं.

बेळगावात पोहोचलो रात्री साडेनऊला. आधीच पैसे भरून ठरवलेल्या लॉजवर सांगितलं, "तुमच्या खोल्या दुसऱ्यांना दिल्या." पावती दाखवली, वाद घातला, पैसे परत मिळाले, खोली नाही. मास्तरांचं मनगट सुजलेलं, बाहेर पाऊस. शेवटी स्टँडच्या बाजूला दोन खोल्या मिळाल्या. तिथं चौघांचीही आधार कार्डं मागितली आणि दाजींचं घरी राहिलेलं, मग त्यांनी फोनवरून मागवून दाखवलं. तेव्हा ज्या दिवशी पोहोचणार त्या दिवशी दुपारी लॉजला फोन करून खात्री करून घ्या. डिसेंबरात सुवर्णसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की शहरात खोली मिळणं मुश्कील. १ नोव्हेंबरला तर येऊच नका. एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुका, दुसरीकडं सीमाप्रश्नावरून आपल्या मराठी लोकांचा काळा दिवस, सगळीकडं बंदोबस्त. ते दुखणं आमच्या घराघरात आहे, पण तो दिवस पाहुण्यानं फिरायचा नाही.

बेळगावची रात्र पुण्या-मुंबईसारखी नाही, आणि मला ती तशी नाही म्हणूनच आवडते. खडे बाजार, गणपत गल्ली दहापर्यंत मिटतात. त्यानंतरची जाग कॅम्पात आणि टिळकवाडीकडं, जिथं कॉलेजची पोरं असतात. दाजींनी आम्हाला एका सावजी खानावळीत नेलं. उत्तर कर्नाटकात सावजी मटणाला तोड नाही असं माझं मत आहे, आणि कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यावर वाढलेला माणूस म्हणून मी ते विचार करून लिहितो. रस्सा काळसर, मसाला भाजून वाटलेला, तिखट जिभेवर न थांबता घशात उतरतं. सोबत भाकरी घ्या, चपाती नको. खानावळी अकराच्या आधीच शेवटची ऑर्डर घेतात, बारही फार उशिरापर्यंत नसतात. बाराच्या पुढं आमच्या वाट्याला आली ती ऑम्लेट-पावची गाडी आणि तिच्याभोवतीची मराठी-कन्नड-उर्दू अशी मिसळ झालेली भाषा. एकच पोरगं तिघांशी तीन भाषांत बोलत होतं. या शहराबद्दल पेपरात जे येतं, त्यात हे गाडीवरचं बोलणं कधी येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला. आत लष्कराचा भाग आहे, फोटो कुठं काढायचे आणि कुठं नाही हे आधी विचारून घ्या. कमल बस्ती मात्र चुकवू नका. १२०४ सालचं, रट्टांच्या काळातलं जैन मंदिर. आत गेल्यावर मान वर करा, छतातून दगडी कमळ खाली लोंबतं. मास्तर म्हणाले, एवढ्या वर्षांत आठवीच्या पोरांना मी हे नुसतं पुस्तकातून शिकवलं. तिथून रिसालदार गल्लीत गेलो. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले तेव्हा ज्या घरात उतरले होते, ते घर जपून ठेवलंय. टिळकवाडीत वीर सौध आहे. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, आणि गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन.

कुंदा, म्हणजे बेळगावची दुधाची मिठाई, परतीच्या दिवशी घ्या, आधी नको. पावसाळी दमट हवेत गाडीत तीन दिवस ठेवला तर त्याची चव जाते. आम्ही पहिल्याच दिवशी दोन किलो घेतला आणि अर्धा वाटून टाकावा लागला. मांडे मिळाले तर सगळ्या सामानाच्या वर ठेवा, पापडासारखे मोडतात.

खानापूरला पोहोचलो की मुलूख बदलतो. ज्वारीच्या जागी भात, पत्र्याच्या जागी कौलं, आणि कानावर पुन्हा मराठी. नंदगडला थांबलो. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इथं फाशी दिलं. वडाच्या झाडाखाली लोक नवस बोलतात, पाळणे बांधतात. तिथून हलशी. कदंब राजांच्या काळातली ही पलाशिका. भूवराह-नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकात वराह, दुसऱ्यात नरसिंह. मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्ही देव एकदम दिसतात. आम्ही गेलो तेव्हा एकही पर्यटक नव्हता. पुजाऱ्यांनी दिवा धरून मूर्ती दाखवली.

मग जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या रस्त्यावर टायर बसलं. संध्याकाळचे सव्वापाच, धुकं इतकं की पुढचं वळण दिसेना. स्टेपनी काढली तर तीही बसलेली. बापूनं निघताना हवा बघितली नव्हती, आणि आम्हीही विचारलं नाही. चौघांच्या फोनला रेंज नाही. दोन गाड्या न थांबता गेल्या. तिसरी आली ती लाल बस. ती थांबली. कंडक्टरनं स्टेपनी बसमध्ये चढवून घेतली, दाजींना बसवलं आणि जांबोटीला सोडतो म्हणाला. टायरचे पैसे घेतले नाहीत, दाजींचं तिकीट मात्र फाडलं.

आम्ही तिघं भिजत उभे. रस्त्याच्या खालच्या अंगाला एक घर होतं. पडवीतून एक आजी ओरडल्या, "पावसात काय उभारलासा? आत या की!" चुलीपाशी बसवलं. "चहा हाय, खरं दूध नाही." गुळाचा कोरा चहा दिला. मग विचारलं नाही, नाचणीच्या भाकरी थापायला घेतल्या. मास्तरांचं मनगट बघून हळद-मीठ गरम करून बांधलं. दोन तास आम्ही तिथं होतो. बापूनं पाकीट काढलं तेव्हा त्यांनी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ते मुकाट्यानं खिशात टाकलं. दाजी पंक्चर काढून दुधाच्या टेंपोतून परत आले तेव्हा साडेसात वाजले होते. दाजींसाठी आजींनी दोन भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी स्टीलच्या डब्यात घालून दिली. निघताना म्हणाल्या, गवे उतरतात, हळू जावा.

गवे खरंच उतरतात. परतीच्या वाटेवर एक रस्त्यात उभा होता. दाजींनी दिवे मंद केले, हॉर्न दाबला नाही, दहा मिनिटांनी तो निघून गेला. या रस्त्यावर अंधार पडल्यावर जाऊच नका. टाकी बेळगावात किंवा खानापुरात भरून घ्या, रोख पैसे ठेवा, रेंज नसेल तिथं फोननं पैसे जाणार नाहीत. पावसाळ्यात जंगलातल्या धबधब्यांवर वनखातं बंदी घालतं. नाक्यावर नाही म्हटलं तर नाही. गोव्याच्या बाजूनं येणार असाल तर दारूची बाटली आणू नका, तपासणी होते.

कणकुंबी तिसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात पाहिली. माऊलीचं देऊळ, आणि जवळच मलप्रभेचा उगम. पुढं उत्तर कर्नाटकाची तहान भागवणारी नदी इथं एका कुंडात मावते. जवळच कळसा नाल्याचं कालव्याचं काम दिसतं. त्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा भांडतात आणि इथला माणूस गप्प बसून पाऊस बघतो.

येताना आजींच्या घरी थांबायचं ठरलं होतं, डबा द्यायला. दाराला कडी होती, शेजारी म्हणाले रोप लावायला गेल्यात. डबा पडवीत ठेवून जाणं बापूला पटलं नाही. डबा आता निपाणीत माझ्याच घरी आहे, घासून ठेवलाय. दसऱ्याला पुन्हा निघतोय. डब्यात काय घालून न्यायचं यावर अजून एकमत नाही. बापू करदंट म्हणतोय, मास्तर म्हणतात आजींच्या दातांचा विचार कर, कुंदा ने.