खड्यांचं ऑपरेशन

छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ आहे. आमच्याकडे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया होतात. सर्जनचं काम दीड-दोन तासांचं असतं. माझं त्याच्या दोन आठवडे आधी सुरू होतं आणि पुढे वर्षभर तरी संपत नाही.

या बाई केज तालुक्यातल्या. वय सेहेचाळीस, उंची १५२ सेंटिमीटर, वजन ९२ किलो, म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानानं वजन मोजणारा आकडा, चाळिशीच्या काठावर. दोन वेळचं इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात नाही, रात्री घोरताना श्वास अडकायचा, आणि गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्या सुटलेल्या. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई माणसांसाठी साडेसत्तावीस बीएमआयपासूनच या शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. विमा कंपन्यांची अट मात्र चाळीस, किंवा पस्तीसच्या वर आणि जोडीला ठरावीक गंभीर आजार. अनियंत्रित मधुमेह त्या यादीत आहे, गुडघे नाहीत. रोज गुडघ्यांसाठी रडणाऱ्या बायका पाहणाऱ्या माणसाला ही यादी वाचून राग येतो.

नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान. तेच घेऊन आले होते, समजूतदार माणूस. बाई पहिल्या भेटीत फार बोलल्या नाहीत. उठताना एवढंच म्हणाल्या, "मॅडम, घरी खड्याचं ऑपरेशन म्हणून सांगणार हाय. लोकं म्हणतील, खाऊन खाऊन फुगली अन् आता पोट कापून आली."

पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन, ज्यात पित्ताशयच काढतात, तेही दुर्बिणीतूनच होतं. पोटावर तशीच चार-पाच छोटी छिद्रं. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हे आमचं कर्तव्यच आहे, त्यामुळे पुढे कुणी काही बोललं नाही.

तयारी त्यांनी फार मन लावून केली. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे दिवसाला आठशे ते हजार कॅलरी आणि त्यात प्रथिनं जास्त, असा आहार असतो. लोकांना वाटतं, तेवढंच वजन आधी उतरावं म्हणून. खरं कारण यकृत. त्याचा डावा भाग जठरावर येतो, स्थूल माणसात तो चरबीनं मोठा आणि जड झालेला असतो, आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. दोन आठवड्यांत तो आक्रसतो. कोणी पथ्य पाळलं नि कोणी घरी चोरून खाल्लं, हे सर्जनला टेबलावर दिसतं. बाईंचं यकृत बघून ते मला मुद्दाम सांगायला आले होते.

आमच्याकडे आधी जो छापील तक्ता होता त्यात ओट्स, टोफू आणि ब्रॉथ. केज तालुक्यातल्या माळकरी बाईला त्याचा काय उपयोग? तो मी बाजूला ठेवला आणि आपल्या जेवणातून नवा केला. ऑपरेशननंतरचे पहिले दोन आठवडे मुगाच्या वरणाचं वरचं पाणी, पातळ ताक, दुधात कालवलेली प्रथिन पावडर, तेही घोट-घोट. तिसऱ्या आठवड्यापासून ताकात शिजवून मिक्सरमधून काढलेल्या ज्वारीच्या कण्या, घोटलेलं वरण, कुस्करलेलं पनीर. मग मऊ पदार्थ. भाकरी दीड-दोन महिन्यांनी, तीही वरणात चुरून. धपाटं त्याच्याही नंतर. अंडं चालत नसताना दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं बसवणं सोपं नाही, आणि तो तक्ता बसवताना मी फार खपले आहे. बाईंची तीस वर्षांची मिश्रीसुद्धा सुटली. तंबाखूनं टाके भरायला वेळ लागतो एवढंच त्यांना सांगितलं होतं.

सर्जननी स्लीव्ह करायचं ठरवलं. यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते ती अरुंद नळी. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं. म्हणून बाई तिसऱ्या दिवशी घरी निघाल्या तेव्हा म्हणाल्या, "भूकच लागंना, काय केलंत?" इन्सुलिन बंद झालं होतं. खूश होत्या.

पाचेक आठवड्यांनी भर ओपीडीत एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "तुमी कोण बोलायलात? तुमचा नंबर आईच्या पेटीत घावला, गोधड्यांच्या खाली. पावडरचा डबा हाय, गोळ्यांची बाटली हाय, भरलेलीच. हे कशाचं हाय?"

लातूरला दिलेली लेक होती. आईला बघायला आलेली. तिलाही खड्यांचंच सांगितलेलं.

मी म्हटलं, आईला फोन द्या. बाईंचा आवाज आला तो ओळखू येण्यासारखा नव्हता. त्यांनी मला आधी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावानं हाक मारली. मग म्हणाल्या, "पाणी बी ठरंना. तीन आठवडे झाले, उलट्याच व्हायल्यात. अन् मॅडम, मला दोन-दोन दिसायलंय." चालता येतं का विचारलं तर मागून लेक म्हणाली, भिंत धरून.

उलट्या, दोन-दोन दिसणं, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णात हे एकत्र ऐकलं की डोक्यात एकच गोष्ट यायला हवी : थायमिन, म्हणजे बी-वन जीवनसत्त्व. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. तो संपला की मेंदूच्या ठरावीक भागांना इजा होते. वेर्निके म्हणतात तिला. वेळेत इंजेक्शन मिळालं तर डोळे लवकर सुधारतात, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि यातली सगळ्यात घातक गोष्ट ही, की ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं. साठा रिकामा असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं.

मी विचारलं, सलाईन लावलंय का? लेक म्हणाली, "कालपासून दोन बाटल्या झाल्या, आता तिसरी लावायलेत. साखरेची हाय, ताकदीची."

सर्जन ऑपरेशनमध्ये होते. आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम सापडल्या. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "बाटली थांबव, आधी थायमिन," म्हणाल्या आणि फोन स्वतः हातात घेतला. पण गावच्या डॉक्टरांना कारण सांगायचं तर ऑपरेशन सांगावं लागणार होतं. मी बाईंना विचारलं, "काकू, सांगू का? लेकीलाही कळेल." काही वेळ काहीच आवाज नाही. मग "सांगा."

गावचे डॉक्टर चांगले होते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन, ही मागणी लोकांचीच असते, आणि त्यांना तर पित्ताशय काढलंय असंच सांगितलेलं. त्यांनी एका वाक्यात समजून घेतलं, बाटली बंद केली, केजच्या मेडिकलमधून थायमिनची इंजेक्शनं आणवली, पहिलं दिलं आणि बाईंना अंबाजोगाईच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. तिथे पुढचं सगळं झालं. दुसऱ्या दिवशी बाईंना एकच लेक दिसायला लागली. पाय मात्र महिनाभर डगमगत होते.

नंतर आमच्याकडे एंडोस्कोपी केली. जठराची नळी मोकळी होती, कुठे आवळलेली नव्हती. मग तीन आठवडे उलट्या कशाच्या? ते हळूहळू लेकीकडून कळलं. खड्यांचं ऑपरेशन झालेलं माणूस आठवड्यात भाकरी खातं. सासूबाईंनी पंधराव्या दिवशी ताट वाढलं. सून खाईना म्हटल्यावर शेजारपाजारच्या भेटायला आलेल्या बायका आग्रहाला बसल्या. खोटं उघडं पडू नये म्हणून बाई खायच्या, आणि परसात जाऊन ओकायच्या. प्रथिन पावडर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिसल्या तर प्रश्न येतील म्हणून पेटीत. आमच्याकडून ठरल्याप्रमाणे फोन गेले होते. तो फोन पॅकेज विकणाऱ्या विभागातून जातो, नंबर नवऱ्याचा, आणि ते दुकानातून सांगत, "सगळं बरं हाय." त्यांना खरंच तसं वाटत होतं. आहाराचा फोन आहाराच्या माणसानं, जेवणाऱ्या माणसाला करावा, हे मी व्यवस्थापनाला लिहून दिलं आहे. पॅकेजमध्ये त्या वेळेचे पैसे धरलेले नाहीत, असं उत्तर आलं.

त्या खोट्याला अजून एक टोक आहे, ते मला झोपू देत नाही. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खरोखरच खडे होण्याचा धोका वाढतो. म्हणूनच आम्ही सहा महिने अर्सोडिऑक्सिकॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतो. उद्या या बाईंच्या पोटात उजवीकडे कळ आली, तर खरं माहीत नसलेला एखादा डॉक्टर म्हणेल, पित्ताशय तर काढलंय.

यावर आमच्या सर्जनशी माझा वाद झाला, अजून सुरू आहे. माझं म्हणणं, घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला तरी खरं सांगितल्याशिवाय ऑपरेशनची तारीख देऊ नये. ते म्हणतात, "अशी अट घातली तर या बाई आल्याच नसत्या. इन्सुलिन वाढवत बसल्या असत्या, आणि दहा वर्षांनी किडनीच्या डॉक्टरकडे गेल्या असत्या." हे मला खोडता येत नाही. जाड माणसाला सगळं गाव सल्ला देतं, कमी खा म्हणतं, आणि त्याच माणसानं उपचार घेतला की तेच गाव त्याला आळशी म्हणतं. या बाईंनी लपवलं ते कुणामुळे?

सहा महिन्यांच्या भेटीला वजन ७१ होतं, साखर फक्त गोळीवर. केस गळतात म्हणून घाबरल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते होतं, प्रथिनं आणि लोह नीट घेतलं की परत येतात, हे मी समजावलं. लेक सोबत होती. सासूबाईंना अजून खड्यांचंच माहीत आहे.

मी आता प्रत्येकाला पर्समध्ये ठेवायला एक कार्ड देते, मराठीत आणि इंग्रजीत. वरची ओळ : माझ्या जठराची वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. खालची : उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन द्या. काकूंनी दोन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, वरची ओळ खोडा. खालची असू द्या."

वरची नसेल तर खालची कुणी ऐकणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीनं कार्ड माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. ती लातूरला राहते.