हौदा की डिकी

आमच्या फोंड्याकडे ज्याचं थोडंबहुत कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, आहे त्याला कधी ना कधी पिकअप घ्यायची हुक्की येतेच, आणि सध्या ती आमच्या दादाला आलीय. मासळीवाल्यांकडे असते ती पिवळ्या पाटीची नकोय त्याला, त्याला हायलक्स नाहीतर व्ही-क्रॉस पाहिजे, पुढे पाच सीट, मागे उघडा हौदा, नारळ टाका, सुपारी टाका, शेणखताच्या गोणी टाका, संध्याकाळी पाइप लावून धुऊन काढा.

ऐकायला बरंच वाटतं. पण दादा, नारळ काय रोज पाडतोस? रोजचं म्हणजे वहिनीला पणजीला ऑफिसात सोडायचं, पोरीचा क्लास, शुक्रवारी जमलं तर म्हापशाचा बाजार. हायलक्स 5.3 मीटर लांब, आणि पणजीच्या मार्केटपाशी अल्टो लावायची तरी चार फेऱ्या माराव्या लागतात. शिवाय पिकअपच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्या वजन पेलायला केलेल्या, त्यामुळे हौदा रिकामा असला की मागचा भाग नुसता उडतो, खड्ड्यात मागे बसलेल्याला विचारा.

आणि मुख्य म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर चार महिने उघड्या हौद्यात काय ठेवणार तुम्ही? किराणा भिजणार, पोरीचं दप्तर भिजणार. चवथ तर बरोबर पावसातच येते, चित्रशाळेतून मातीचा गणपती आणायचा तर ताडपत्री धरून दोघं मागे उभे, आणि माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान पायाखाली. स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर पार मागेपर्यंत नेलेली लांब कार, असती तर मागची सीट पाडली की झालं, सुपारीचे घोस, केळीचा घड, तोरिंजनं सगळं छपराखाली, वर पोहे-गुळाच्या पिशव्या. घराला पडवी असते ना, तसा तो गाडीचा मागचा भाग, आतलाच पण सामानाचा.

पण घेणार कुठून? आपल्याकडे वॅगन टिकलीच नाही. गंमत म्हणजे टाटाची पहिली वॅगन पिकअपमधूनच निघाली, 1988 ची टाटामोबाइल, तिच्याच सांगाड्यावर 1992 ला इस्टेट. नंतर 2004 ला इंडिगो मरिना आली, तीही फार चालली नाही, लोकांना ती पेशंट न्यायची गाडी वाटायची. त्यात 2006 च्या बजेटात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्यांची एक्साइज 24 वरून 16 टक्के केली, मग मागे लांब डिकी कोण ठेवतो, टाटाने तर 2008 ला इंडिगोचीच शेपटी छाटून सीएस नावाची आखूड गाडी काढली. एसयूव्हीवाले मागचा दरवाजा दाखवून फुशारक्या मारतात पण मागची तिसरी सीट उभी असली की दोन पिशव्यासुद्धा मावत नाहीत.

माझं मत, रोजचं काम छपरातल्या गाडीने करावं आणि नारळाच्या दिवशी गावातल्या पिकअपवाल्याला फोन करावा, बरोबर चढवायला पोरगाही येतो. स्वतःची पिकअप दारात उभी राहिली की अख्ख्या वाड्याचे फ्रिज, कपाटं आणि वाळूच्या गोणी तुमच्याच, वर डिझेलचे पैसे मागायला लाज वाटणार.

दादाने यावर तोडगा काढलाय, हौद्यावर फायबरचं टप बसवायचं, पाऊसही अडला. म्हटलं मग ती वॅगनच झाली की रे, टाटाने हेच केलेलं. तर म्हणतो, शहाण्या, वॅगनमध्ये शेणखत घातलं तर वास कुठे जाणार, वहिनीच्या साडीला?

खतापुरता दादाचा मुद्दा मान्य. टपाची किंमत विचारायला उद्या दोघं जातोय.