परदेशात पहिली कॉकपिट नोकरी: कॅनडात रॅम्पपेक्षा इन्स्ट्रक्टरकी बरी

परदेशी एअरलाइनमध्ये पहिली नोकरी शोधणारी मुलं-मुली आधी तासांबद्दल विचारतात. २०० तासांवर कोण घेतं, ५०० वर कोण घेतं? पण गाडी बहुतेकदा अडते ती कामाच्या हक्कावर. परवाना, तास आणि त्या देशात नोकरी करण्याची कायदेशीर मुभा, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी हातात असाव्या लागतात. त्यातली एक नसेल तर उरलेल्या दोन कितीही भक्कम असल्या तरी अर्ज पहिल्याच चाळणीत गळतो.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या को-पायलटलाही एटीपी (एअरलाइन वैमानिकाचं प्रमाणपत्र) लागू लागलं, म्हणजे साधारण १५०० तास. मान्यताप्राप्त विमानविद्येची बॅचलर पदवी असेल तर १०००. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकलेल्याला ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने मिळतात. २५० तासांवर इन्स्ट्रक्टर झालात आणि महिन्याला ६५ तास उडालात, तरी वर्षाअखेरीस हजाराच्या आसपासच पोचता. तोवर परवानगी संपते. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा दरवाजा सहसा उघडत नाही, कारण ज्या पदाला पदवी अनिवार्य असते त्यासाठीच तो व्हिसा आहे आणि वैमानिकाच्या पदाला तशी अट नसते.

युरोपात उलटं. तिथे तासांची अशी भिंत नाही. सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना), मल्टि-इंजिन आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे केवळ उपकरणांवर उडण्याची मान्यता), एटीपीएल या एअरलाइन परवान्याचे १३ पेपर, एमसीसी (दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचं प्रशिक्षण) आणि अ‍ॅडव्हान्स्ड यूपीआरटी (तोल गेलेलं विमान सावरण्याचं प्रशिक्षण) एवढ्यावर २०० तासांचा माणूस थेट जेटवर बसू शकतो. मात्र युरोपीय संघात राहण्याचा आणि काम करण्याचा अनिर्बंध हक्क जाहिरातीतच मागितलेला असतो. गोव्यातल्या काही कुटुंबांकडे पोर्तुगीज नागरिकत्वाच्या रूपाने तो आहे. त्यांनी हा रस्ता जरूर बघावा. भारतीय नागरिकत्व सोडावं लागतं, हे आधी घरच्यांशी नीट बोलून घ्यावं. ब्रिटन आता यात येत नाही, तिथला परवानाही २०२१ पासून वेगळा आहे.

भारतीय पासपोर्टवर तिन्ही गोष्टी जुळवता येतील असा देश म्हणून कॅनडाकडे मी गंभीरपणे बघतो. तिथे को-पायलटसाठी १५०० तासांची अट नाही. कॅनेडियन सीपीएल (किमान २०० तास), मल्टि-इंजिनसह ग्रुप १ इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि कॅटेगरी १ मेडिकल असलं की उत्तरेकडच्या छोट्या कंपन्यांत उजवी, म्हणजे को-पायलटची, सीट मिळू शकते. नियमांत ९ आसनांपर्यंतची विमानसेवा ७०३ या भागात, १० ते १९ आसनांची ७०४ मध्ये आणि त्यापुढची ७०५ मध्ये मोडते. पहिली सीट बहुतेकांना ७०३ किंवा ७०४ मध्ये मिळते.

भारतात सीपीएल करून ते कॅनडात बदलून घ्यायचं, ही कल्पना पुष्कळांना स्वस्त वाटते. मेडिकल, व्यावसायिक परवान्याची लेखी परीक्षा (सीपीएईआर) आणि फ्लाइट टेस्ट दिली की परवाना मिळतोही. पण त्याबरोबर कामाचा हक्क येत नाही. नोकरी देणाऱ्याला मग एलएमआयए काढावं लागतं, म्हणजे या जागेसाठी कॅनेडियन माणूस मिळाला नाही हे सरकारला दाखवावं लागतं. २०० तासांचे स्थानिक अर्जदार रांगेत उभे असताना ते कोण करणार?

म्हणून शिक्षण कॅनडातच घ्यायचं आणि त्यावर पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षणानंतरचं वर्क परमिट काढायचं. शाळा डीएलआय (परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता असलेली संस्था) आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तिचा अभ्यासक्रम पीजीडब्ल्यूपीला पात्र आहे का, हे फी भरण्यापूर्वी इमिग्रेशन खात्याच्या यादीत स्वतः तपासा. शाळेच्या एजंटचा शब्द इथे चालत नाही. अभ्यासक्रम ८ महिन्यांपेक्षा लहान असेल तर परमिट मिळत नाही, २ वर्षांचा किंवा मोठा असेल तर ३ वर्षांचं मिळतं. अर्ज शिक्षण संपल्यापासून १८० दिवसांत करावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून भाषेच्या परीक्षेचा निकालही जोडावा लागतो. पासपोर्टची मुदत आधी संपत असेल तर परमिटही तिथेच थांबतं, तेव्हा पासपोर्ट आधी नवा करा. हे परमिट आयुष्यात एकदाच मिळतं.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. उत्तरेतल्या बऱ्याच कंपन्या नव्या वैमानिकाला आधी रॅम्पवर घेतात: सामान चढवणं, बर्फ काढणं, इंधन भरणं. काही महिन्यांनी, कधी वर्षाने, कॉकपिट. स्थानिक मुलांसाठी ही वाट ठीक आहे, त्यांचं घड्याळ चालू नसतं. तुमचं चालू असतं. कायम वास्तव्यासाठी कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास या योजनेत गेल्या ३ वर्षांतला एका वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा कुशल कामाचा अनुभव लागतो आणि काम टीईईआर (कामाला लागणाऱ्या शिक्षण-प्रशिक्षणाची श्रेणी) ० ते ३ मध्ये असावं लागतं. वैमानिक आणि फ्लाइट इन्स्ट्रक्टर दोघेही एनओसी या कॅनडाच्या व्यवसाय-वर्गवारीत ७२६०० मध्ये, टीईईआर २ मध्ये येतात. रॅम्पचं काम टीईईआर ४. रॅम्पवरचं वर्ष परमिटमधून जातं आणि मोजणीत मात्र शून्य.

त्यामुळे परदेशी माणसाने रॅम्पच्या आधी क्लास ४, म्हणजे पहिल्या पायरीच्या, इन्स्ट्रक्टर रेटिंगचा विचार करावा असं माझं ठाम मत आहे. किमान ३० तास उड्डाण प्रशिक्षण, २५ तास ग्राउंड, लेखी परीक्षा आणि फ्लाइट टेस्ट. क्लास ४ वाल्याला क्लास १ किंवा २ च्या देखरेखीखाली शिकवावं लागतं. १०० तास शिकवून झाले आणि फ्लाइट टेस्टसाठी शिफारस केलेले किमान तीन विद्यार्थी पास झाले की क्लास ३. तोवर तासही वाढलेले असतात आणि कुशल अनुभवही.

यातही एक खड्डा आहे. काही फ्लाइंग स्कूल इन्स्ट्रक्टरला नोकर म्हणून न घेता कंत्राटदार म्हणून घेतात आणि इन्व्हॉइसवर पैसे देतात. तो स्वयंरोजगार ठरला, तर कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लासमध्ये धरला जात नाही. सही करण्यापूर्वी विचारा: पगारपत्रक आणि टी४ (नोकराला मिळणारा वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद) मिळणार का? शिवाय पगार उड्डाणाच्या तासांवर असेल, तर हिवाळ्यात हवामानामुळे विमानं जमिनीवर राहतात आणि आठवड्याचे ३० तास भरत नाहीत. ब्रीफिंग, ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर आणि कागदपत्रांचं कामही तासांत मोजलं जाईल, असं पत्रात लिहून घ्या.

मधल्या काळात आयआर जपा. कॅनडात ती २४ महिने टिकते, युरोपात आणि भारतात १२. अर्जांच्या धावपळीत ती संपते आणि नेमका तेव्हाच फोन येतो. आणि नोकरीचं पत्र हातात नसताना स्वतःच्या खर्चाने जेटचं टाइप रेटिंग (एका ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याची मान्यता) विकत घेऊ नका. टर्बोप्रॉप चालवणारी कंपनी तुम्हाला तिच्याच विमानावर तयार करते, बदल्यात बहुधा काही काळाचा बॉण्ड मागते. तो वाचून घ्या: रक्कम महिन्यागणिक कमी होते का, आणि परमिट संपल्यामुळे नोकरी गेली तरी भरावी लागते का?

मोठ्या विमानतळावर काम असेल तर सुरक्षा मंजुरी लागते आणि त्यासाठी गेल्या पाच वर्षांचा पडताळता येईल असा इतिहास मागतात. भारतातला काळ त्यात येत असेल तर वेळ जास्त लागू शकतो. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारं पोलीस क्लिअरन्स, जुने पत्ते आणि त्यांच्या तारखा निघण्यापूर्वीच एका फाइलमध्ये लावून ठेवा.