बिलच्या आईच्या घरावरचं आभाळ

इंग्लंडमधल्या डर्बीहून मॅटलॉकला जाणारी छोटी गाडी डर्वेंट नदीच्या काठाकाठाने जाते. क्रॉमफर्डला उतरलो ते रिचर्ड आर्कराइटची १७७१ची सूतगिरणी बघायला. ही गिरणी नदीवर नाही, तर एका ओढ्याच्या आणि शिशाच्या खाणीतून निचरून येणाऱ्या पाण्यावर चालायची. खाणीचं पाणी कोमट, त्यामुळे कडाक्याच्या थंडीतही ते गोठायचं नाही. जागा निवडणाऱ्याची नजर मानली पाहिजे!

तिथून कालव्याच्या काठाने चालत निघालो. कुत्रं फिरवायला आलेल्या एक आजी थांबल्या, टेकडीच्या माथ्याकडे हनुवटी उडवून म्हणाल्या, "इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स, मी डक."

'मी डक' म्हणजे 'बाळा', हे या भागात दुकानादुकानात कानावर पडतं. पण बिलच्या आईच्या घरावर काळं झालंय म्हणजे काय? मी विचारलं, "बिल कोण?"

"कुणास ठाऊक! माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. तिकडे आभाळ भरून आलंय. पाऊस येणार."

मिडलंड्सच्या, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या पट्ट्याच्या, बाहेर हे फारसं ऐकू येत नाही. बिल कोण, यावर मात्र इथे हिरिरीने बोलतात. बिल म्हणजे विल्यमचं छोटं रूप, म्हणून कुणी म्हणतं विल्यम शेक्सपियर, कुणी म्हणतं जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म, म्हणजे जर्मन विल्यम. पुरावा दोघांचाही नाही. तरी मला विचाराल तर कैसरपेक्षा शेक्सपियर पटतो. इंग्लंडात वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, पाऊसही त्याच बाजूने. शेक्सपियरची आई मेरी आर्डन स्ट्रॅटफर्डजवळच्या विल्मकोटची, आणि मिडलंड्समधल्याच लेस्टरहून पाहिलं तर ते गाव नैर्ऋत्येलाच येतं. जर्मनी पडली पूर्वेला. तिकडचं आभाळ बघून कपडे कोण आत घेईल?

पण त्याहून मला आवडलं ते हे, की बोलणाऱ्याला बिलचा पत्ता माहीत असावाच लागत नाही. जिकडे ढग, तिकडे त्याची आई. आजींनी टेकडी दाखवली होती. संध्याकाळी नॉटिंगहॅमला बसच्या रांगेतल्या एका मुलाला विचारलं, तर त्याने शहराच्या भलत्याच टोकाकडे बोट केलं. "आम्ही 'ब्लॅक'सुद्धा म्हणत नाही," तो म्हणाला. "आजी खिडकीतून बघून नुसतं 'ओव्हर बिल्स मदर्स' म्हणते, आणि आम्ही छत्री घेतो."